हरकत प्राप्त नाही

तारखांचे आकडे माझ्या अर्जांत आहेत. ज्याला हवे असतील त्याने ते तिथे पाहावेत. इथे त्या दिवसांची नोंद आमच्या घराच्या लक्षात ते जसे राहिले तशीच करतो.

वैशाखातला शनिवार, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यातला. माझा धाकटा भाऊ पाण्याच्या पाइपाजवळ कोयत्याच्या दोन घावांनी मारला गेला. जबाबदार: शेजारच्या घरातला माणूस, भावाचा लहानपणापासूनचा सोबती.

त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षीचा, भातकापणीतला मंगळवार. सत्र न्यायालयाने शेजाऱ्याला जन्मठेप सुनावली. या दिवसाबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

तळीयेवर दरड कोसळली त्या पावसाळ्याचा शेवट. पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेली आमची वाडी धोकादायक ठरली आणि माणसे खाली पत्र्याच्या निवाऱ्यांत आली. जबाबदार कोणी नाही. डोंगराला प्रतिवादी करता येत नाही.

गेल्या पितृपक्षातला एक दिवस. नेमका कोणता, ते मला अजून कोणी सांगितलेले नाही. कैद्याच्या मुदतपूर्व सुटकेबाबत मृताच्या कुटुंबाचे म्हणणे मागणारी नोटीस माझ्या आईच्या नावाने निघाली आणि ओसाड वाडीतल्या आमच्या बंद दारावर डकवली गेली. आईला जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. जबाबदार: नोटीस काढणारा अधिकारी, ती डकवणारा कर्मचारी, आणि खाली राहायला गेलेल्या माणसांना वर शोधण्यात ज्यांना काहीच वावगे वाटले नाही ते सर्व.

त्यानंतर दिवाळी संपता संपता फाइलवर पडलेला शेरा: ‘मृताच्या वारसांकडून मुदतीत हरकत प्राप्त नाही.’ जबाबदार: शेरा लिहिणारा, तो वाचून सही करणारा, आणि मी. मी कसा, ते पुढे येईल. लपवून ठेवण्याचा माझा इरादा नाही.

मी महाडला राहतो. सगळी नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात झाली. निकालपत्राची नक्कल तयार करायची, मुळाशी ओळ न् ओळ ताडून पाहायची, आणि खाली ‘खरी नक्कल’ असे लिहून सही करायची, हे माझे काम. एखादा स्वल्पविराम सुटला तरी मी पान फाडून पुन्हा लिहीत असे. सहकारी हसत. भाऊही हसायचा. वाडीतून खाली आला की माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसून म्हणायचा, “दादा, दुसऱ्याचं लिवलेलं परत लिवायला सरकार पगार देतं, म्हंजे मजाच हाय तुझी.”

तो वाडीतच राहिला. आमच्या अकरा घरांपैकी नऊ घरांतले पुरुष मुंबईला होते. ज्या वर्षी त्या मुंबईकरांच्या मंडळाने काळा पाइप पाठवला, त्या वर्षी वरच्या झऱ्यापासून वाडीतल्या टाकीपर्यंत तो पाइप याने आणि शेजाऱ्याने मिळून जोडला. महिनाभर दोघे रानात होते. दगडातून, करवंदीच्या जाळ्यांतून, कुठे झाडाला टांगून, कुठे मातीत पुरून. ज्या दिवशी पाणी सोडायचे होते त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. टाकीपाशी सगळी वाडी जमली होती आणि भाऊ जमिनीवर आडवा पडून पाइपाला कान लावून ऐकत होता. किती तरी वेळ काहीच झाले नाही. बायका कुजबुजू लागल्या. मग त्याचा चेहरा बदलला. हात वर करून तो ओरडला, “आलं, दादा, आलं!” पाणी दिसायच्या आधी ते त्याला ऐकू आले होते. पाइपातून आधी हवा पळते आणि तिचा आवाज होतो, असे त्याने मला नंतर समजावले. पण त्या क्षणी त्याच्या तोंडावर जे होते ते मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलेले नाही. शेजारी त्याच्या बाजूलाच उकिडवा बसला होता. त्यानेही मला हाक मारली, “दादा, कान लावा, कान लावा.” या जगात मला अशा हक्काने दादा म्हणणारी माणसे दोनच होती. एक मेला आणि दुसऱ्याने त्याला मारले.

खटल्यात जे सिद्ध झाले ते मी स्वतः वाचले आहे. त्या निकालाची नक्कल दुसऱ्याने केली, मला ती करू दिली नाही. वैशाखात झरा बारीक होतो. शेजाऱ्याचे घर लाइनीच्या टोकाला. दोन दिवस त्याच्याकडे पाणी आले नव्हते. भावाने वरचा कॉक बंद केला असा त्याचा समज झाला. तो कोयता घेऊन वर गेला. कोयता तर तिथे प्रत्येकाच्या कमरेला असतो. बोलाचाली झाली. पंचनाम्यात पुढचे एक वाक्य आहे: कॉक उघडा होता, पाइपाच्या तोंडाशी पाला अडकलेला होता. भाऊ तो पाला काढायलाच गेला होता. त्याच्या मुठीत कुजकी पाने होती.

निकालाआधी सरकारी वकिलांनी मला बाजूला घेऊन विचारले, कुटुंबाची फाशीची अपेक्षा आहे का. मी नाही म्हणालो. मी आईला विचारले नाही, भावजयीला विचारले नाही. मी कोर्टातला माणूस, मला कळते, म्हणून मीच बोललो. मी म्हणालो, फाशीने आणखी एक घर रिकामे होईल, आमचे भरणार नाही. त्याला जगू द्या, पण आत. त्या दिवशी मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला होता.

घरी येऊन मी आईला अर्थ सांगितला. जन्मठेप म्हणजे जन्म असेपर्यंत. वरिष्ठ न्यायालयांच्या निकालांतले ते वाक्य मी कित्येकदा उतरवले होते आणि ते खोटे नव्हते. त्याच निकालांत पुढे आणखी एक वाक्य असते: शिक्षेत सूट देण्याचा अधिकार सरकारला आहे, आणि चौदा वर्षे भरल्यावर तो वापरता येतो. तेही मी उतरवले होते. आईला मी फक्त पहिले वाक्य सांगितले. उभ्या आयुष्यात एकच नक्कल मी अर्धवट केली, तीही तोंडी.

आई दर शिमग्याला विचारायची. पालखी दारात येऊन पुढे गेली, गलका थोडा कमी झाला, की ती मला जवळ बोलवायची.

“अजून आत हाय ना रे?”

“आहे, आई.”

“मंग बरं.”

त्यानंतर वर्षभर तो विषय नाही. शेवटच्या वर्षी तिला माणसे ओळखू येत नव्हती, पण हा प्रश्न तिने विचारला आणि माझ्या उत्तरानंतर मान हलवली. ती त्या उत्तरावर गेली.

मी सूड मागणारा माणूस नाही. तुरुंगात माणूस सुधारत नाही असेही मी म्हणत नाही. सुधारत असेल, आणि शेजारी सुधारला असेल हे मी मान्य करायला तयार आहे. सुटकेची आशाच नसेल तर कैद्याने नीट का वागावे, असे मला एका निवृत्त तुरुंगाधिकाऱ्याने एकदा एसटी स्टँडवर विचारले. माझ्याजवळ त्याचे पुरे उत्तर नव्हते आणि आजही नाही. पण मग समजा वीस वर्षे द्यायची आहेत तर भर कोर्टात वीस म्हणा. आईला वीस ऐकू द्या. ती वीस मोजत बसली असती, तिने देवाजवळ तेवढे आयुष्य मागितले असते, नाही तर वरच्या कोर्टात जा म्हणून माझ्यामागे लागली असती. काय ते तिने ठरवले असते. जन्म म्हणायचे आणि ज्या खोलीत त्या आईला खुर्ची नाही तिथे बसून त्याचे आकडे करायचे, याला माझी हरकत आहे. फाशी नको म्हणणारे माझ्यासारखे लोक ज्या शब्दावर विसंबतात तो शब्द पोकळ निघाला, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या भावासाठी फाशी नको असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

हे मी वर्षानुवर्षे लिहीत आलो. ज्या ज्या कार्यालयाचा पत्ता मिळाला तिथे लिहिले. प्रत्येक पत्राची सुरुवात एकच: ‘आम्ही, मृताचे कुटुंबीय, आरोपीच्या कोणत्याही सुटकेस तीव्र विरोध नोंदवतो.’ पोचपावत्या माझ्याकडे आहेत. पत्रे मात्र बहुधा भलत्याच फाइलमध्ये जात होती, कारण खटल्याच्या फाइलवर फिर्यादी म्हणून आईचे नाव आणि वाडीचा पत्ता होता, आणि शेवटपर्यंत तेवढेच राहिले.

आता माझी चूक.

निवाऱ्यांत राहायला आल्यापासून आमच्या माणसांना सरकारी कागद म्हणजे पुनर्वसनाचाच कागद, असे वाटते. शिक्का दिसला की तो घराचा. प्रत्येकीकडे एक प्लास्टिकची पिशवी असते आणि मिळेल तो कागद त्या पिशवीत जातो. शेते अजून वरच आहेत. भावजय आणि शेजारीण, म्हणजे ज्याने मारले त्याची बायको, यांची लावणीत सावड असते. एक दिवस हिच्या शेतात दोघी, एक दिवस तिच्या. खुनानंतर दोन पावसाळे ती बंद होती. तिसऱ्या पावसाळ्यात माणूसच मिळेना, तेव्हा भावजय न बोलता तिच्या बांधावर जाऊन उभी राहिली. तेव्हापासून चालू आहे.

पितृपक्षात शेजारीण वर गेली होती. आमच्या दारावर डकवलेला कागद तिने पाहिला. पावसाने तो अर्धा सुटला होता. वाऱ्याने उडून जाईल म्हणून तिने तो जपून सोडवला, पदराखाली धरून खाली आणला आणि भावजयीला दिला. “तुझ्या दाराचा कागद हाय गो. घराचा असंल, ठेव.” वाचता कोणालाच आला नाही. एक शाळेत गेलेली नाही, दुसरी अक्षरे लावून वाचते, आणि शाई पसरली होती. भावजयीने तो पिशवीत ठेवला. नवऱ्याच्या सुटकेची नोटीस बायकोने स्वतःच्या हाताने विधवेपर्यंत पोहोचवली. सगळ्या साखळीत आपले काम चोख केले ते या दोघींनी.

नवरात्रात मी गेलो, पुनर्वसनाच्या तक्रारीसाठी कागद गोळा करायला. भावजयीने पिशवी माझ्यापुढे रिती केली. “भावोजी, ह्यो पन घ्या. दारावर व्हता.” मी कागद हातात घेतला. वर शिक्का, खाली आईचे नाव. घर आईच्याच नावावर होते. मागे खळ वाळलेली, आणि घरपट्टीची जुनी पावती त्याला चिकटलेली. मी रागात होतो. लोक चौथ्या वर्षी पत्र्याखाली आहेत, या रागात. मी वाचला नाही. झेरॉक्स काढली, ‘सहपत्र क्रमांक नऊ’ असा आकडा टाकला, खाली सवयीने लिहिले: ‘खरी नक्कल, मुळाशी ताडून पाहिली.’ सही केली. हरकतीच्या मुदतीचे तेव्हा अकरा दिवस उरले होते.

शिमग्याच्या आधी शेजारी सुटला. मी माहितीच्या अधिकारात फाइल मागवली. त्यात शेरा होता, आणि नोटिशीची कार्यालयीन प्रत. मी कपाट उघडून माझी स्वतःची तक्रार काढली आणि नऊ नंबरचे सहपत्र तिच्याशेजारी ठेवले. ओळ न् ओळ तीच होती. तेव्हा कुठे मी ती मुळाशी ताडून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पोलादपूर गाठून पुढे निवाऱ्यांपर्यंत चालत गेलो. पत्र्यांच्या रांगेपुढे ताडपत्रीवर वाल वाळत घातले होते आणि भावजय नि शेजारीण समोरासमोर बसून निवडत होत्या.

“आले बघ पत्रवाले,” भावजय म्हणाली.

“हळू बोल गो,” शेजारीण.

“हळू कशाला? त्यांना आता मोठ्यानंच लागतं.” मग माझ्याकडे बघून, “बसा भावोजी. उन्हातनं आलात.”

“तो कुठे आहे?”

शेजारणीने मान खाली घातली. भावजयच म्हणाली, “पान्याला गेलाय.”

मी उभाच राहिलो. थोड्या वेळाने तो खालच्या वळणावरून वर आला. केस पांढरे, एक हंडा खांद्यावर, एक हातात. मला पाहून थबकला. खांद्यावरचा हंडा त्याने स्वतःच्या दाराशी उतरवला. हातातला घेऊन चार पावले पुढे आला आणि माझ्या भावजयीच्या उंबऱ्याबाहेर ठेवला. अशा सवयीने, की हे रोजचे आहे हे कळावे. मग सरळ होऊन म्हणाला,

“दादा, बसा ना.”

सतरा वर्षांत कोणी मला तशी हाक मारली नव्हती. रागाने मी हात पाठीमागे धरले. पण खरे लिहायला बसलो आहे तर हेही लिहितो: त्या हाकेला ओ द्यायला माझी जीभ उचलली गेली होती. त्या आवाजाच्या बाजूला दुसरा आवाज असायचा, आणि कान तो शोधू लागले. मी बसलो नाही. तो वळला आणि आत गेला. शेजारीणही उठून त्याच्यामागे गेली.

मी भावजयीला विचारले, “त्याचं पाणी तू घेतेस?”

“भांड्यांना घेते. प्यायला नाय घेत. पिन्याचं माझं मी आनते.”

“का?”

“का म्हंजे? तेवढंच जमतं.”

मी माझ्या पिशवीतून ती नोटीस काढली आणि तिला सगळे सांगितले. नोटीस कसली होती, मुदत किती होती, मी काय केले. तिने वाल निवडणे थांबवले नाही. एक किडका दाणा काढून बाजूला टाकला.

“म्हंजे माझ्याच पिशवीत व्हता,” ती म्हणाली.

“होय. मी वाचायला हवा होता.”

“आनि तिनं आनला. तिला कळलं तर ती रडंल. तिला सांगू नका.”

मी म्हणालो, “मी वाचला असता तर आपण वेळेत हरकत घेतली असती. तू सही केली असतीसच.”

तेव्हा तिने हात थांबवला.

“हे तुमी इचारताय, का सांगताय?”

मी नोटिशीची घडी घातली.

“इतकी वर्सं तुमी लिवलंत. आमचं कुटुंब, आमचं कुटुंब. कुटुंबात मला धरलीच आसंल ना? नवरा माझा व्हता. मंग येक दिस तरी येऊन इचारलंत का, की बाय, तुला काय वाटतं? हितं तुमी ऱ्हात नाय, भावोजी. तो सुटला तर मला रोज दिसनार, नाय सुटला तर ती रोज दिसनार. तुमाला दोन्ही नाय दिसत.”

“मग आता विचारतो. काय म्हणाली असतीस?”

“काय बोलले आसते ते माझं मला ठावं.” ती पुन्हा वाल निवडू लागली. “आता तुमाला नाय सांगनार. ज्यानं इचारायला पायजे व्हतं त्यानं येऊन इचारावं. समद्यांदेखत. मंग सांगीन.”

त्या दिवशी खाली न जाता मी वर वाडीत गेलो. दाराच्या फळीवर खळीचा चौकोनी डाग अजून आहे. माणसे नाहीत, गुरे नाहीत, पण झऱ्याच्या बाजूने जोडलेला तो पाइप आहे. ठिकठिकाणी उन्हाने तडकलेला. या वयात गुडघे टेकून आडवा झालो आणि कान लावला. बराच वेळ काही नव्हते. कुठून तरी हवा आत शिरत होती, आणि त्या पोकळ आवाजानंतर पाणी येईल असे मला वाटत राहिले. “आलं, दादा, आलं,” असे म्हणणारा कोणी असता तर मी न आलेल्या पाण्यावरही विश्वास ठेवला असता. ऊन कलेपर्यंत मी तसाच पडून होतो.

उठलो तेव्हा एवढे ठरले होते की ‘आम्ही, मृताचे कुटुंबीय’ हे शब्द यापुढे तिला विचारल्याशिवाय लिहायचे नाहीत.

म्हणून हे पहिलेच लिखाण मी एकट्याच्या नावाने करतो आहे. जन्मठेप जन्मभर असावी हे माझे मत आहे. ते माझे आहे, तिचे काय आहे ते मला माहीत नाही. सरकारलाही माहीत नाही. तरीही सरकारने तिच्या नावापुढे उत्तर लिहून टाकले आहे.

ज्या अधिकाऱ्याने तो शेरा लिहिला आणि ज्याने त्याखाली सही केली, त्यांनी निवाऱ्यांपुढे यावे. सर्वांदेखत उभे राहून सांगावे की मेलेल्या बाईच्या नावाचा कागद, रिकाम्या वाडीतल्या बंद दारावर लावल्याने, जिवंत बाईचे म्हणणे त्यांना कसे कळले. मग तिला विचारावे आणि ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. मी तिथे असेन; माझ्या चुकीबद्दल मला जे विचारायचे ते त्याच वेळी, तिथेच विचारावे. तिचे म्हणणे माझ्याविरुद्ध गेले तर माझे सर्व अर्ज मी त्याच जागी मागे घेईन.

उत्तर टपालाने पाठवू नये. ते मी स्वीकारणार नाही. दिवस तुम्ही ठरवा, फक्त आधी कळवा, म्हणजे त्या दिवशी ती शेतावर जाणार नाही.